मला ग्रँड म्हणाले

१० ऑगस्ट, विमानात

अखेर आयर्लंड. आयुष्यातली पहिली परदेशवारी. तसा परदेश कसला म्हणा, रक्त तिथलंच. आजोबांचे वडील तिथूनच अमेरिकेत स्क्रँटनला आले. (आत्या म्हणते लिव्हरपूलहून. आत्याला काय कळतंय.)

बॅलिमोरनच्या संगीत महोत्सवाला लाखो माणसं जमतात. पबापबात कलावंत गोल करून वाजवत बसतात. त्या गोलात खुर्ची टाकून बसणार, असं आमच्या स्क्रँटन आयरिश मंडळात जाहीर करून आलोय. फोटो पाठवायचं कबूल केलंय. खजिनदार फ्लॅनरी हसत होता. जळका मेला.

संकल्प: माझ्या डफाला डफ म्हणायचं नाही, अस्सल आयरिश 'बाउरान' म्हणायचं. उच्चाराची प्रॅक्टिस केली. शेजारच्या प्रवाशाने जागा बदलून घेतली.

बरोबर लोरेटा आहे. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. बिचारी लग्नापासून एकतीस वर्षं माझा रियाज ऐकतेय, पण एकदा दाद देईल तर शपथ.

११ ऑगस्ट, दु. ४

पोचलो. घरमालकीण मिसेस टिअर्नी. बॅगा ठेवायच्या आधी डफ काढून विचारलं, ऐकवू का थोडं? म्हणाली, अहो, यू आर ग्रँड. न ऐकताच! पारखी बाई.

१२ ऑगस्ट

आज गोलात बसलो. इतिहास.

मिनोगचा पब. आठ जण वाजवत होते, मधोमध मॅलकी नावाचा म्हातारा फिडल, म्हणजे व्हायोलिनच, घेऊन. वाकून विचारलं, मी पण बसू का? म्हणाला, नाही नाही, यू आर ग्रँड. 'नाही नाही' विनयाने म्हणाला असणार. खुर्ची ओढली, स्क्रँटनचा दणका दाखवला. दुसरी चाल निम्मी झाली आणि सगळे उठले. एकाला फोन आला, एकाला सिगरेटची तलफ, एकाची गाय व्यायली. भावना अनावर झाल्या की माणसं अशीच उठून जातात. मी एकटा पंधरा मिनिटं वाजवत होतो.

फोटो राहिला. लोरेटा बाहेर उभी होती. म्हणे डोकं दुखतंय.

१३ ऑगस्ट

मंडळी मिनोगकडे नाहीत. तीन पब पालथे घातले, पोस्टामागच्या चौथ्यात सापडली. मला बघून बासरीवाली म्हणाली, आला गं बाई परत. दोन दिवसांत केवढी आपुलकी.

मॅलकीने डफावर हात फिरवून विचारलं, शेळीचं कातडं ना रे हे? म्हटलं, हो. म्हणाला, जिवंत असताना शेळी याहून कमी ओरडत असेल. सगळे खो खो हसले. मीच सगळ्यात जास्त. थोर कलावंत आपल्या माणसाचीच थट्टा करतात.

बसू का विचारलं. मॅलकी म्हणाला, यू आर ग्रँड. बासरीवालीही म्हणाली, अगदी ग्रँड. बसणार तोच ते जेवायला गेले.

फ्लॅनरीला मेसेज टाकला: आजवर चार वेळा ग्रँड. फोटो उद्या.

१४ ऑगस्ट, स. ९

लिहू नये असं वाटतंय.

लोरेटा आणि मिसेस टिअर्नी सकाळी स्वयंपाकघरात हसत होत्या. मी गेल्यावर गप्प. मग लोरेटाने हळूच सांगितलं. इथे कुणी 'यू आर ग्रँड' म्हटलं, की त्याचा अर्थ 'राहू द्या'. नको म्हणायची गोड पद्धत.

माझा विश्वास बसेना. तेवढ्यात मिसेस टिअर्नीने तिला विचारलं, आणखी एक सॉसेज वाढू का? लोरेटा म्हणाली, आय ॲम ग्रँड. सॉसेज आलं नाही.

म्हणजे तीन दिवस लोक मला राहू द्या, राहू द्या म्हणताहेत आणि मी छाती फुगवून फिरतोय. लाज वाटली. फार लाज वाटली.

स. ११

शांतपणे विचार केला. घोटाळा भाषेचा आहे, कलेचा नाही. संध्याकाळी माफी मागायची आणि मग एकच चाल वाजवायची. छोटी.

सं. ७

निघताना कपाटाची किल्ली सापडेना. डफ आत. लोरेटा म्हणाली, तिला काही माहीत नाही. रिकाम्या हाताने गेलो.

मॅलकीची माफी मागितली. त्याने माझे दोन्ही हात नीट पाहून घेतले. म्हणाला, मग बस की रे बाबा, उभा का? स्वतः खुर्ची सरकवली. गोलात. लोरेटालाही शेजारी बसवलं. लोक किती चांगले असतात.

मग त्याने लोरेटाला विचारलं, बाई, तुमच्याकडे आहे का एखादं गाणं? मी म्हणणार होतो, तिला नाही येत. तेवढ्यात तिने ग्लास खाली ठेवला, डोळे मिटले आणि गायला लागली.

ग्लास धुणारी बाई नळ बंद करून उभी राहिली. मॅलकीने फिडल मांडीवर ठेवलं. माझे डोळे भरून आले. फोटो काढायचं सुचलंच नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, आईकडून, लहानपणीच. घरात रोज गाते की, भांडी घासताना.

म्हटलं, मग एकतीस वर्षांत मला एकदाही कसं ऐकू आलं नाही?

म्हणाली, तू वाजवत असायचास ना.