फाइलवरचं चौथं नाव

६ जानेवारी
सहायक सरकारी वकील म्हणून आज रुजू झाले! काटोलला बाबांनी सकाळीच अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मला मात्र फोनवर कोटाला इस्त्री केली का एवढंच विचारलं. कोट सीताबर्डीवरून नवा घेतलाय. खांद्यात ढगळ आहे, पण रुबाब आहे. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि छतापर्यंत फायली. कारकून चंपतराव तीस वर्षं इथेच आहेत. त्यांच्या मते सरकारी वकिलाला एकच वाक्य पाठ हवं: सूचना आल्या नाहीत, वेळ मिळावा. मी हसले. मी काही तसली वकील होणार नाही.

८ जानेवारी
पहिली फाइल सावनेरकडच्या रंभाबाईंची. सरकारी नोंदीत बाई मयत आहेत. मागणं एवढंच, की मला जिवंत लिहा. याचिका तीनदा निकाली निघाली, बाईंनी प्रत्येक वेळी पुन्हा दाखल केली. कव्हरवर माझ्याआधीच्या तीन वकिलांची नावं, तिन्ही तांबड्या शाईनं खोडलेली. चौथं माझं. माणूस गेला की नाव खोडायची इथली पद्धत आहे म्हणे. कुठे गेले ते चंपतरावांना आठवेना.

दारासमोरच्या बाकावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसून असते. बाकीचे पक्षकार ताटकळत उभे राहतात, पण त्या बाकावर टेकत नाहीत.

१५ जानेवारी
ती रंभाबाईच. आज तिनं संक्रांतीचा तिळगूळ पुढे केला. माझा हात धरून पाहा, मी मेलेली वाटते का, असं म्हणत होती. समोरच्या पक्षकाराशी परस्पर बोलायचं नाही आणि काही घ्यायचं तर नाहीच, हा आमचा नियम. मी फाइलमध्ये डोकं घातलं. हात बराच वेळ पुढेच होता.

१६ जानेवारी
सरकार नुसता वेळ मागतंय म्हणून न्यायाधीश चिडले. उद्या शेवटची संधी. तहसीलला अकरा फोन केले, साहेब दौऱ्यावर. चंपतरावांनी मागच्या वकिलाचं निवेदन काढून दिलं: याचिकाकर्ती मयत आहे. सगळे हेच करतात, तारीख तेवढी बदला म्हणाले.

१७ जानेवारी
मी सही करून निवेदन वाचलं. रंभाबाई शेवटच्या रांगेत हात वर करून उभी होती. मी तिला पाहिलं, तरी वाचत राहिले. याचिका निकाली. स्वतःची लाज वाटते. डबा तसाच परत नेला.

२० जानेवारी
हजेरीच्या मशीननं बोट घेतलं नाही. थंडीनं होतं तसं. चंपतरावांना दोनदा हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही. कव्हरवरचं माझं नाव खोडलेलं आहे. शाई अजून ओली.

२१ जानेवारी
बाबांना फोन लावला. हॅलो, हॅलो करून त्यांनी ठेवला. पुन्हा लावला. मागे रडण्याचे आवाज — घरात खूप माणसं —

२२ जानेवारी
बाबा इथे आले. चंपतरावांनी माझा कोट घडी करून त्यांच्या हातात दिला. मी बाबांचा दंड धरला. त्यांनी थंडी वाजल्यासारखी शाल ओढून घेतली आणि —

२३ जानेवारी
आता बाक भरलेला दिसतो. काळ्या कोटातले तिघं. शेजारी रंभाबाई. तिनं सरकून जागा केली.

“मले मेली म्हणणारे सारे इथंच येऊन बसते वं. बस.”

बसले. तिच्या हाताला हात लागला. ऊबदार होता. बाई जिवंत आहे. या बाकावर ती एकटीच —

फेब्रुवारी. तारीख कळत नाही
नवा वकील आलाय, सौरव. कव्हरवर पाचवं नाव. रंभाबाईंची तीच याचिका. चंपतरावांनी त्याला माझं निवेदन काढून दिलं. मी कानाशी ओरडते आहे — हात धर तिचा, एकदाच — तो तारीख बदलतोय — पेन सहीच्या जागेवर —

रंभाबाई सरकली. आम्हीही सरकलो. एका माणसाची जागा —