नकाशात न बसलेली भट्टी

प्रिय आरोही,

फोनवर हे सांगायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तुझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करून फोन ठेवला. तोंडाने सांगणं जमत नाही असं दिसतं, म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीच्या इमारतीला मंजुरी मिळाली. रत्नागिरीत ऑफिस थाटल्यापासूनचं माझं पहिलं मोठं काम. खाली दुकानं, वर तीन मजले घरं. कॉलेजात असताना आपण टेप घेऊन हीच गल्ली मोजत होतो, तेव्हा अब्बा बेकरीच्या दारातून म्हणायचे, "आधी चहा घ्या, गल्ली कुठं पळत नाही." बटर चहात बुडवता बुडवता तू म्हणाली होतीस, इथे काही बांधायचं तर आधी इथली माणसं कुठे टेकतात ते बघायला हवं. मी तेच धरून नकाशा काढला. पुढे कंपाउंडची भिंत नाही, दुकानं थेट गल्लीत उघडतात. प्रत्येक दुकानापुढे बसायला पायरी, बायकांना वरून खाली हाक मारता येईल अशा गॅलऱ्या, वर उतरतं कौलारू छप्पर. शेजारच्या घरांचा उजेड जाऊ नये म्हणून वरचा मजला मागे घेतला. बिल्डर निलेश आधी सात मजले मागत होता. त्याला खाली आणण्यात माझं वर्ष गेलं.

जुनी घरं ठेवता आली असती असं समजू नकोस. चिऱ्याच्या भिंती उभ्या आहेत, पण वासे कुजलेत. गेल्या पावसाळ्यात मासे विकणाऱ्या हौसाच्या स्वयंपाकघराचं छप्पर खाली आलं. ती बाजारात होती म्हणून वाचली. त्यानंतर सगळी गल्ली माझ्याकडे आली. बाहेरचा कोणी आला तर आम्हाला गावाबाहेर टाकेल, नकाशा तूच काढ म्हणाले.

अडलं ते अब्बांच्या भट्टीपाशी. लाकडाची भट्टी, आणि डोक्यावर माणसं राहणार. फायरचा दाखला मिळणार नाही असं अग्निशमनवाल्यांनी स्पष्ट सांगितलं. धुराडं जिन्याच्या बाजूने वर नेऊन पाहिलं, नाही म्हणाले. मागच्या कोपऱ्यात वेगळी बेकरी काढली, तर तिथे अग्निशमनची गाडी वळायला जागा हवी. नियम चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही, वर हौसाची नातवंडं झोपणार आहेत. शेवटी निलेश म्हणाला, "मनाल, अकरा घरं की एक भट्टी, ते तूच ठरव." तो रागाने बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मग मी विजेच्या ओव्हनचं दुकान काढलं. घरी टेबलावर कागद पसरून अब्बांना दाखवलं. इथे ओव्हन, इथे काउंटर, इथे मैद्याची पोती. त्यांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणि मी कुठं उभा राहू?" मी पेन्सिल टेकवली, लिफ्टची भिंत आणि काउंटर यांच्या मध्ये. जागा खरंच तेवढीच होती गं. तिथे वाढवलं की जिना अरुंद होतो, नाहीतर महिपतचं किराणा दुकान कापावं लागतं. त्यांनी कागदाची नीट गुंडाळी केली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिली.

दोन दिवसांनी संमतीच्या सह्यांसाठी सगळे आमच्या घरी बसले. अब्बांचीच तेवढी राहिली होती. महिपतने जन्मभर सकाळचा चहा अब्बांच्या पावाबरोबर घेतला. तोच खाली बघून म्हणाला, "फारुकभाई, तुमच्या मुलीचाच तर प्लॅन आहे." अब्बांनी पेन मागितलं आणि सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथेच होते. काय बोलणार होते? सही करू नका, हौसाला त्या छपराखाली राहू द्या?

दुसऱ्या सकाळी भट्टी पेटली नाही. मी उठले तेव्हा अब्बा पिशवीत कपडे भरत होते. म्हणाले, "काम मिळालंय." साठी उलटलेला माणूस स्वतःच्या बेकरीतून उठून दुसऱ्याच्या बेकरीत कामाला. मी दारात आडवी उभी राहिले, रडले, नकाशा फाडून टाकते म्हटलं. "फाडू नको. चांगला आहे," एवढं बोलून ते माझ्या बाजूने निघून गेले. त्याला तीन महिने झाले.

आता आम्ही सगळे भाड्याच्या खोल्यांत आहोत आणि सोमवारी पाडकाम सुरू होतंय. हे काम सोडून द्यावं असं रोज वाटतं. पण मी सोडलं की निलेश पुन्हा सात मजल्यांवर जाईल आणि गल्लीला भिंत घालेल. म्हणून साइटवर जाऊन उभी राहते. लोक म्हणतात, पोरीने गल्ली वाचवली. ते ऐकलं की तोंड कुठे लपवू कळत नाही. अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. आता एकटीसाठी चूल पेटवत नाही, मिळेल ते खाते, तेही जात नाही.

आरोही, अब्बा तुझ्या खेडमध्येच आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाळा नावाच्या पोराने स्टेशनच्या रस्त्याला बेकरी घेतली आहे. तिथे ते पीठ मळतात आणि तिथेच झोपतात. माझा फोन घेतात, "बरा आहे" म्हणून ठेवतात. मागच्या आठवड्यात मी एसटीने येऊन गेले. बाळा बाहेर येऊन म्हणाला, "ताई, ते आज नको म्हणतात." परत जाताना तुझ्या घरासमोरून गेले, पण तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. तू एकदा जा. पाव घ्यायला आल्यासारखी जा. पायांना सूज आहे का बघ, शुगरच्या गोळ्या घेतात का ते बाळाला विचार. परत या म्हणू नकोस, कुठे परत या म्हणणार आपण? आणि माझं नाव तू काढू नकोस. ते काढतात का, एवढंच ऐक. नाही काढलं, तरी मला तसंच कळव.

तुझीच,
मनाल