वरच्या पट्टीतला महिपत

७ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार
कंपनीला साप्ताहिक सुट्टी. आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना पुढे आठवणी सांगाव्या लागतात, तेव्हा तारखा सापडत नाहीत.

घडलं ते असं. आमचे मॅनेजर साहेब काल बदली होऊन गेले. जाताना केबिनमधलं सामान वाटलं. पॅकिंगला टेबलफॅन, वॉचमनला छत्री. मी स्टोअरमध्ये, माझा नंबर शेवटी. उरली होती एक कॅसेट. वर काळ्या कोटातला जाडा माणूस तोंड उघडून उभा. साहेब बोलले, ही ऑपेरातली गाणी, ऑपेरा म्हणजे इटलीचं संगीत नाटक, आणि हा टेनर आहे. मी विचारलं, टेनर म्हणजे काय? तर बोलले, "पुरुषांचा सगळ्यात वरचा आवाज, महिपत."

मुरबाडपासून गावापर्यंत एसटीत मी तेवढंच घोळवत होतो. इतकी वर्षं सावळारामबुवा भजनात मला बोलत आलाय, "महिपत, खाली ये. अरे खाली ये." तो माझा दोष नव्हता. तो माझा प्रकार होता.

८ नोव्हेंबर, सकाळी
कॅसेट लावली. अंगावर काटा. तिसऱ्या गाण्यात तर माणूस जीव तोडून कुणाला तरी हाक मारतो. शब्द कळत नाहीत, पण भाव कळतो. बैल हरवलेला असावा. बायको, गिरजा, बोलली, "बैलासाठी कोण येवढा रडतंय? बायको गेली असंल." नम्रता आतून बोलली, "बाबा, त्याला कुणी मारतंय काय?" घरात कलेची समज नाही. चालायचंच.

निश्चय: १) रोज पहाटे रियाज. २) तंबाखू, लोणचं, मिरची बंद. ३) दुधात अंडं. ४) तीन महिन्यांत स्वतःची कॅसेट.

१० नोव्हेंबर
पहाटे जाग आली नाही. थंडीत घसा बसतो, तेव्हा संध्याकाळचा रियाज जास्त शास्त्रीय.
दुधातलं अंडं राहिलं नाही पोटात.

११ नोव्हेंबर
तंबाखू सुरू. एकदम सोडली तर आवाजाला धक्का बसतो. हळूहळू सोडायची.

१४ नोव्हेंबर
भजनी मंडळाचा राजीनामा दिला. बुवाला सांगितलं, मी टेनर आहे, मला टाळ कुटणं आणि मागून झील ओढणं यात अडकून पडता येणार नाही. बुवाने विचारलं, "म्हंजे तू येनार नाय?" मी बोललो, नाही. बुवाने दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला वाटलं नव्हतं इतका जीव आहे. बाकीच्यांनी लगेच चहा मागवला. निरोप समारंभच म्हणायचा.

१८ नोव्हेंबर
घरी रियाजाला जागा कमी पडते. म्हैस दूध चोरते असं गिरजाचं म्हणणं. योगायोग असणार.
ओढ्यापलीकडे बांधावर उभा राहून तिसरं गाणं पूर्ण म्हटलं. शेजारच्या शेतातून नवशा धावत आला. आधी वाटलं तक्रार. पण तो हात जोडून बोलला, "महिपतदादा, उद्यापून माज्या वालाकडं उभं ऱ्हावा. रोज येवा."
पहिला रसिक!

२१ नोव्हेंबर
नवशाने माझ्यासाठी शेतात माचाण बांधलं. वर चढून गातो. मोठ्या गायकांना व्यासपीठ मिळायला अर्धं आयुष्य जातं. नवशा मध्येमध्ये ओरडतो, "आजून वर, दादा, आजून वर!" त्याच्या वालावर या मोसमात माकडांचा फार त्रास होता. हल्ली नाहीत म्हणतो. चांगली गोष्ट. रियाजात व्यत्यय नको.

२९ नोव्हेंबर
माकडं परत आली. पळत नाहीत. जांभळावर ओळीने बसून ऐकतात. एक तर माझ्याकडे बघत वालाच्या शेंगा सोलत होतं, नाटकगृहात लोक दाणे खातात तसं. कान तयार व्हायला वेळ लागतो, पण होतात, हे सिद्ध झालं. नवशा मात्र नाराज दिसला. संध्याकाळी माचाण काढून टाकलं. लाकडं हवी होती म्हणे.

३ डिसेंबर
नम्रताला खर्डीचं स्थळ पसंत पडलं. मुलगा अनिल, कल्याणला नोकरी, घरी शेती. शांत मुलगा आहे. पोहे खाताना मी दोन ओळी म्हटल्या तेव्हासुद्धा शांत होता. त्याची आई सरस्वतीबाई लग्नातली धवलगीतं गाणारी, गावोगाव बोलावणं असतं तिला. म्हणजे गाण्याचं घर. मी त्यांना माझ्या प्रकाराबद्दल सांगितलं. त्या बोलल्या, "असंल, असंल." साखरपुडा २१ तारखेला, लग्न वैशाखात.

५ डिसेंबर
शहापूरला साईनाथकडे गेलो. त्याची साउंड सर्व्हिस आहे, लग्नाबिग्नाला भोंगे लावतो, वर मोठं डेक आहे, त्यात रेकॉर्डिंग होतं. नमुना म्हणून त्याच्या डेकवर इटलीवाला लावला. आणि काय! आवाज एकदम जाड, खालचा, सावकाश. हा तो माणूसच नाही! साईनाथने विचारलं, घरी कशावर ऐकता? सांगितलं, मेव्हण्याने दिलेला टेप, माळ्यावरून एकदा पडलेला. तो हसून बोलला, "दादा, तुमचा टेप फास्ट फिरतो. त्यानं आवाज चढतो. खरा हा."

मी तिथेच खुर्चीत बसलो. म्हणजे महिनाभर मी जो सूर गाठतोय, तो या गृहस्थाने आयुष्यात कधी लावलेलाच नाही! मी त्याच्या वर गातोय. ही गोष्ट इटलीत कुणाला माहीत नाही. शहापुरातही आज फक्त दोघांना.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रेकॉर्डिंगचा दिवस. गिरजा सोबत, साखरपुड्याची साडी घ्यायची होती. साईनाथने विचारलं, साथीला कोण? मी बोललो, कुणी नाही, टेनरला साथ पेलत नाही. पहिल्याच गाण्याला त्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. मशीनमधून ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष ऐकावं, हे कळतं त्याला. दुसऱ्या गाण्याला तो बाहेर गेला. भावना आवरत नसणार. रस्त्यावरचे दोनतीन जण दारात आले, काय झालं विचारत होते. गिरजा त्यांना बोलली, "काय नाय, ते गातात."

कॅसेटची एक बाजू भरली. साईनाथने आग्रह केला, एकच बाजू असू द्या, दादा. थोडक्यात गोडी असते ते खरंच. कॅसेटवर माझं नाव लिहून घेतलं: टेनर महिपत. घरी लावून बघितली नाही. आपण आपलं ऐकलं तर अहंकार होतो.

२० डिसेंबर
उद्या साखरपुडा. गिरजाने देवासमोर उभं करून वचन घेतलं, गाणार नाही. नम्रताही बोलली, "बाबा, येवढा दिवस राहू द्या ना." लेकीचा शब्द मोठा. दिलं वचन.
रात्रभर घसा खवखवला. दाबलेला सूर शरीराला अपायकारक.

२१ डिसेंबर, रविवार
सविस्तर लिहितो, कारण गावात चुकीची हकिकत फिरते आहे.

मांडवात खर्डीची मंडळी बसलेली. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. सावळारामबुवाच्या मंडळाने एक अभंग म्हटला, सगळा खालच्या पट्टीत. मग कुणीतरी बोललं, मुलीच्या बापानं दोन शब्द बोलावं. मी उठलो. दोन शब्दच बोलणार होतो. पण नम्रता समोर हिरव्या साडीत बसलेली, डोक्यावर पदर, एकदम तिची आजी वाटली मला. शब्द आले नाहीत. सूर आला. वचन गाणार नाही असं होतं, सूर लागणार नाही असं नव्हतं.

डावा हात छातीवर, उजवा वर, कॅसेटच्या फोटोत आहे तसा. डोळे मिटले. तिसऱ्या गाण्याचा तो शेवटचा लांब स्वर. असा लागला, असा लागला की मलाच भोवंडून आलं. आणि तेवढ्यात एक बाई किंचाळली, "आगो, याला अॅटॅक आला!"

डोळे उघडले तर मी आडवा. अनिलने दंड धरलेले, कुणी पाय चोळतंय, कुणी नाकाला फोडलेला कांदा लावला. मी सांगत होतो, अहो, स्वर पूर्ण होऊ द्या. सरस्वतीबाई बोलल्या, "बडबडतात हो. भरमिष्ट झालं." नवशा गर्दीतून ओरडला, "आवो, ते गात व्हते!" त्याचं कुणी ऐकलं नाही. जीपमध्ये घालून मुरबाडला. वाटेत अनिलने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, सारखा बोलत होता, "बाबा, डोळं उघडं ठेवा." मला पहिल्यांदा बाबा बोलला. मी उघडे ठेवले.

डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक. काय करत होता विचारलं. मी बोललो, ऑपेरा. त्यांनी गिरजाकडे बघितलं. गिरजा बोलली, "सवय हाय त्यांना." एक इंजेक्शन दिलं, तरी.

२४ डिसेंबर
खर्डीचा निरोप: मुलीच्या बापाच्या तब्येतीचा भरवसा नाही, लग्न वैशाखात नको, माघातच उरकू. म्हणजे माझ्या एका स्वराने तीन महिने वाचवले. गिरजाला असं बोललो. ती वाल निवडत होती, निवडत राहिली. मग बघितलं तर न निवडलेला वाल निवडलेल्यात टाकत होती.
तीन महिने आधीच जाणार पोर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१० जानेवारी १९९८
रियाज बंद. कारण फक्त वेळेचा अभाव. मांडव, तांदूळ, आमंत्रणं. कुठेही गेलो की लोक आधी खुर्ची देतात, मग पाणी. धसईच्या बाजारात भेंडीवाल्या बाईने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि एसटीपर्यंत पोचवली. लोकप्रियतेचेही त्रास असतात.

१५ फेब्रुवारी, रविवार
लग्न लागलं. मला दिवसभर खुर्चीवरून उठू दिलं नाही. मंगलाष्टकं भटजींनी म्हटली, जेमतेम. मी तोंड उघडलं की कुणीतरी लिंबूपाणी घालायचं.

नम्रता निघताना माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तबेतीला जपा." मी सांगितलं, अगं, मला काही झालेलं नाही. ती बोलली, "ठाव हाय मला. तरी जपा." मला तिला एक मोठं वाक्य सांगायचं होतं, पाठ करून ठेवलं होतं. आठवलं नाही. कॅसेट तेवढी तिच्या पेटीत साड्यांखाली ठेवली. गाण्याचं घर आहे, कदर होईल.

१७ फेब्रुवारी
घर फार मोठं आहे हे. आधी जागा कमी पडायची.

२ मार्च
खर्डीहून अजून कॅसेटबद्दल काही कळलेलं नाही. असं समजतो की गावभर फिरत असणार, त्यामुळे घरच्यांनाच ऐकायला मिळत नसेल.

१२ मार्च, होळी
नम्रता पहिल्या शिमग्याला आली. सोबत अनिल. जरा भरली आहे अंगाने. पुरणपोळीवर बसलो आणि मी सहज विचारलं, कॅसेट कशी वाटली सगळ्यांना?
दोघं एकमेकांकडे बघायला लागले. अनिल पाणी आणायला उठला. भरलेला तांब्या समोरच होता.

नम्रताने सांगितलं. अनिलला आईची धवलगीतं टेप करायची होती. बाईचं वय झालं, ती गाणी दुसऱ्या कुणाला येत नाहीत, कुठे लिहिलेली नाहीत. एका संध्याकाळी सरस्वतीबाई गायच्या लहरीत आल्या, आणि घरात कॅसेट ही एकच. कोरी बाजू भरली तरी गाणी संपेनात, मग उरलेली अनिलने माझ्यावरून टेप केली.

मी विचारलं, सगळी?
"सगळी, बाबा. रागावू नका."

मी बोललो, रागवायचं काय त्यात. मास्टर कॉपी ठेवायला हवी होती, चूक साईनाथची.

मग ती पिशवीतून कॅसेट काढून बोलली, थोडं राहिलंय, ऐका. लावली. सरस्वतीबाईंचं धवलगीत संपत आलं होतं. म्हाताऱ्या आवाजात, खालच्या पट्टीत. काय गात होत्या! हातातला घास तसाच राहिला माझा. मग खट् आवाज. आणि पुढे मी. गाणं संपलेलं, धापा टाकतोय. "झालं. पानी दे गो." मग भांड्याचा आवाज, आणि गिरजा, "घ्या. सावकाश प्या. ठसका लागंल." बस. तिथे कॅसेट संपते.

नम्रता खाली बघत बोलली, "तिकडं पयल्या आठवड्यात जेवनच जाईना मला. मग ह्येवढंच लावायची. रोज. तुमी दोघं घरात बोलता तसं वाटतं." अनिल दारातून बोलला, "तिनंच सांगितलं व्हतं, ह्येवढ्यावर टेप करू नका."

गिरजाने तोंडाला पदर लावला. मी उठून परसात गेलो. कुणी विचारलं तर सांगायचं, डोळ्यात रंग गेला. धुळवड उद्या आहे, पण काही लोक आदल्या दिवशीच खेळायला लागतात.