उपाशी ठेवलेल्या पेशी

३ मार्च २०२४, रविवार

आले एकदाची! टोकावड्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आंब्यांच्या मागे आमची प्रयोगशाळा. बाहेरून अगदी पोल्ट्री वाटते. राही म्हणाली, पूर्वी पोल्ट्रीच होती. राही ही इथली एकुलती एक मदतनीस, वरच्या वाडीवरची. काचसामान धुते. तासाभरात मी मॅडमची ‘मनस्वीताई’ झाले.

राहायला लागूनच खोली दिली आहे. भिंतीपलीकडे शेकर घुमत असतो. त्याच्या फळीवर चाळीस बाटल्या गोल गोल हलतात, आणि त्यांतल्या दूधट पाण्यात गुडमारच्या पेशी वाढतात. ना पान, ना मूळ, नुसत्या पेशी. गुडमारचं पान चघळलं की तासभर गोड लागतच नाही. राहीने आल्या आल्या मला पान चघळायला लावलं, मग पेढा दिला. मी तो माती खाल्ल्यासारखा गिळला आणि ती पोट धरून हसली. त्या पानातलं औषध मधुमेहावर उपयोगी पडतं. डोंगरातल्या वेली ओरबाडण्याऐवजी ते बाटलीत पिकवायचं, हे आमचं काम. करार सहा महिन्यांचा. औषधाचं प्रमाण वाढवून दाखवलं तर नोकरी कायम. दाखवणारच!

१० मार्च

या पेशींना ऊन नको, हवा तेवढी पुरे, पण साखर लागते. लिटरला तीस ग्रॅम. ती खाऊन त्या नुसत्या फुगतात, औषध मात्र करत नाहीत. सासरी आलेल्या जावयासारख्या सुस्त! साखर किती उरली हे मोजायचं मोठं यंत्र पुण्याला दुरुस्तीला गेलंय, म्हणून मी मेडिकलमधून बोटाची साखर बघायचं छोटं यंत्र आणलं. बाबांकडे आहे तसलंच. बाटलीतलं पाणी पातळ करून पट्टीला लावायचं की आकडा येतो. जुगाड आहे, पण चालतो.

माझी कल्पना अशी: आधी भरपूर खाऊ घालायचं, मग चार दिवस बिनसाखरेच्या पाण्यात ठेवायचं. जीव कासावीस झाला की झाड बचावाला औषध करतं. ओमकार सरांना (आमचे साहेब, पुण्याहून फोनवरच असतात) ती पटली. मला एका जागी बसवत नाहीये. दिवसातून दहादा जाऊन बाटल्या बघते.

२१ मार्च

पावणेतीन पट! चार दिवसांच्या उपासात औषध पावणेतीन पट वाढलं. सर इतके खूश की फोनवर दोनदा ‘शाब्बास’ म्हणाले, आणि तिसऱ्या वाक्यात आणखी ताणा म्हणाले. आठ दिवस उपाशी ठेवायचं ठरलं. मीही हो म्हणाले, माझाच हावरटपणा.

राहीला हे रुचलेलं नाही. तिच्या वाडीवर गुडमार खुडला त्या दिवशी घरात कुणी गोड खात नाही. येलीला गोडाचा वास लागू द्यायचा नाय, म्हणते. का, ते तिलाही ठाऊक नाही. आजी करायची म्हणून ती करते. बाटल्या धुता धुता दोनदा म्हणाली, त्यांना अशी कोरडी नको ठेवू गो ताई. मी हसण्यावारी नेलं.

२ एप्रिल, मंगळवार

बाबा आले. आई गेल्यापासून डोंबिवलीत एकटेच भिंती मोजत होते. महिनाभर तरी इथे राहा म्हणून मीच मागे लागले. चौदा वर्षांचा मधुमेह, रोजचं इन्शुलिन, आणि तोंड चालूच! संध्याकाळी साखर बघितली तर २४८. रागावले, तर म्हणाले, तुझ्या पेशींना तीस ग्रॅम चालते, मला चमचाभर चालत नाही, हा कुठला न्याय. त्यांची खाट भिंतीला लावून टाकली. शेकरच्या घरघरीने त्यांना छान झोप लागते म्हणे.

पेशींचा आठ दिवसांचा उपास कालच सुरू केलाय. फार बरं वाटतंय. घरात कुणीतरी आहे.

७ एप्रिल

एव्हाना पेशी तपकिरी पडून मरायला लागायला हव्या होत्या. त्या पांढऱ्याशुभ्र आहेत, टपोऱ्या. औषध आजवरचं सर्वांत जास्त.

पट्टीवर आकडा यायलाच नको होता. या पाण्यात मी साखर घातलेलीच नाही. आला ४१. पट्टी बदलली, हात धुतले, दुसरी बाटली घेतली. ४३. राहीच्या हाताला गूळ लागला असेल म्हणून तिच्यावर ओरडले. तिने हात उघडून दाखवले, स्वच्छ. मग मलाच लाज वाटली.

बाबा १६२. इथली हवा मानवली, म्हणतात.

११ एप्रिल

बाबा ११२! इन्शुलिन पाच दिवसांपासून बंद, मुरबाडच्या डॉक्टरांना विचारूनच. स्वारी आज एसटीने धसईच्या बाजाराला गेली आणि जिलेबी खाऊन आली. वर मला कागदाचा तेलकट पुडा दाखवला. चौदा वर्षांत पहिली जिलेबी. घरी येऊन साखर मोजली, तरी ११८. त्यांचे डोळे भरून आले, माझेही.

गुडमारची पानं चघळता का म्हणून खोदून विचारलं. आईची शपथ घेतली, नाही म्हणाले.

बाटल्या ८७. आठ दिवस उलटले, तरी उपास लांबवलाय, साखरेचा एक कणही न घालता. सरांना कळवलं तर म्हणाले, औषध वाढतंय ना, मग पट्ट्यांचं काय घेऊन बसलात. दिवसभर उगाच इकडून तिकडे फिरतेय. काहीतरी चुकतंय आणि मला ते कळत नाहीये.

१४ एप्रिल

एकाच कागदावर दोन रेघा काढल्या. बाबांची खाली येणारी, बाटल्यांची वर जाणारी. ज्या दिवशी बाबांनी जिलेबी खाल्ली, त्या संध्याकाळी बाटल्यांची रेघ एकदम उडी मारते.

कागद फाडला. मग पुन्हा काढला. तसाच आला.

खाट भिंतीपासून दूर ओढली. बाबा चिडले, झोप मोडते म्हणे. डोंबिवलीला परत जा म्हटलं तर लहान मुलासारखे रुसले. चांगला झालोय तर हाकलतेस, म्हणाले.

१६ एप्रिल

उपास संपवला. सगळ्या बाटल्यांत पोटभर साखर घातली. लिटरला तीस, मग साठ. शिवत नाहीत. घातलेली साखर जशीच्या तशी.

बाबा दोन लाडू खाऊन ७१. मला भीती वाटते. हे मी कुणाला सांगू? सरांना? ते हसतील. राहीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, त्यांना आता तुझी साखर नको, बाबांची गोडी लागलीया.

१८ एप्रिल

दुपारी बाबा ओट्याशी कोसळले. घामाने चिंब, डोळे उघडे पण ओळख नाही. पट्टी— ३८. राही आणि मी बोटाने गालात मध चोळत राहिलो. रिक्षा, मग मुरबाडचा दवाखाना. डॉक्टर विचारत राहिले, इन्शुलिन जास्त घेतलं का. बारा दिवसांत एक थेंब नाही.

ग्लुकोजची बाटली लावली आहे. पाणी त्यांच्या हातात थेंब थेंब जातंय, आणि साखर ५४. डॉक्टर म्हणाले, एवढी जाते कुठे?

मला माहीत आहे कुठे.

वीस-पंचवीस किलोमीटर लांब आहेत ते बाटल्यांपासून. अंतराने काही होत नाही. त्यांनी बाबांना ओळखलंय.

१९ एप्रिल

राहीला बाबांजवळ ठेवून परत आले. बाटल्या ४१०, मी घातलेली साखर वजा जाता.

उपाशी मी ठेवलं. मीच.

सगळ्या फ्रीजमध्ये कोंबल्या. थंडीत पेशी सुस्तावतात.

संध्याकाळी राहीचा फोन: बाबा १०४. तासाभराने १०६. स्थिर! मी खाली बसून रडले. एवढंच म्हणाली की त्यांना हुडहुडी भरलीया, पाय बर्फागत, तीन घोंगड्या घातल्यात. बाहेर चाळीस डिग्री. अशक्तपणा असेल.

२० एप्रिल

सरांचा फोन. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार, बाटल्या शेकरवर दिसायला हव्यात. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, विश्रांती घ्या.

मग म्हणाले, उद्या रात्री मीच येतो आणि लावतो.

म्हणजे थंडी उद्यापर्यंतच. नोकरी जाते तर जाऊ दे. मारायलाच हव्यात.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी ११.१०. चाळीसच्या चाळीस ऑटोक्लेव्हमध्ये रचल्या. मोठा कुकरच तो. वाफ, दाब, १२१ अंश, वीस मिनिटं. त्यात काही जगत नाही. राहीला सांगितलं, आज बाबा सुटतील. झाकण आवळलं. बटण दाबलं. सवयीने आकडे लिहीत बसलेय.

११.१८ — ३४ अंश.

११.२४ — ४०. राहीचा फोन. बाबांनी घोंगड्या फेकल्या. गरम होतंय म्हणतात. बरं वाटलं ऐकून. हुडहुडी गेली.

११.२९ — ४६. पुन्हा राही. ताप चढलाय. नर्स थर्मामीटर बदलून आणतेय. बाबा म्हणतायत, अंगाला चटका बसतोय गं मनू—

नाही.

बाबांना भरलेली थंडी फ्रीजची होती. अशक्तपणाची नव्हती. बाटल्यांत साखर नाही गेली नुसती. बाबाही त्यांतच—

११.३१ — ४९. बंद केलं तर पेशी जगतील. सर रात्री येतील, शेकर लावतील, आणि मग पट्टीवर ३८, मग— चालू ठेवलं तर बाबांना १२१—

राही फोन ठेवत नाही. मागून बाबांचा आवाज येतोय. माझं नाव घेतायत.

५२. तिने विचारलं, ताई, तू तिकडं काय करतीस गो?

५३. बंद करायच्या बटणावर बोट ठेवलंय. दाबलं की—