समोर काय दिसतंय ते सांगा

२ मार्च, सोमवार
आलो एकदाचे! घर भाड्याचं, दोनच खोल्यांचं, पण दार लावलं की माझं आणि भिंगरीचं. भिंगरी म्हणजे माझी सहा वर्षांची लेक. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव. खिडकीशी टेबल लावलं, त्यावर लॅपटॉप. काम जुनंच, पण नवी नोकरी घरातूनच करायची आहे: ताण, काळजी, उडालेली झोप, घरातली धुसफुस, सगळ्यावर ऑनलाइन समुपदेशन. वहिनी म्हणाली, लोकांची रडगाणी ऐकायचा पगार मिळतो, मजा आहे बाई तुझी. आहेच मुळी!

५ मार्च, गुरुवार
दुपारी एकजण येतो. कॅमेरा बंद, आवाज इतका दबका की मी मनातल्या मनात त्याला कुजबुज्या म्हणते. छातीत धडधडतं, रिकामं घर खायला उठतं, आपण नाहीसे होऊ असं वाटतं म्हणे. त्याला आमचा नेहमीचा उपाय दिला. डोळे उघडा, समोर काय दिसतंय ते एकेक सांगा. नावं घेता घेता श्वास ताळ्यावर येतो. तो म्हणाला, पिवळा कप, कान तुटलेला. निळी उशी. मला हसू आलं. माझ्याकडेही अगदी तसाच कप आहे.

६ मार्च, शुक्रवार
कप सापडत नाही. भिंगरीवर उगाच ओरडले. बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

१० मार्च, मंगळवार
आज त्यानं घड्याळ सांगितलं. गोल, काच तडकलेली. मी वळून पाहिलं, माझं तसलंच घड्याळ भिंतीवर होतं. बोलणं संपवून चहा टाकला, परत आले तर नुसता खिळा. निळी उशीही नाही. आमच्यावर देखरेख करणाऱ्या मोठ्या मॅडमना सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, घर बदललं की वस्तू इकडच्या तिकडे होतातच. आणि तुमचा तो माणूस झपाट्याने सुधारतोय, त्याला मध्येच सोडू नका.
मी सोडलं नाही.

१२ मार्च, गुरुवार
आज मी विचारलंच नाही. तो आपणहून सांगत सुटला. टेबलावरचा दिवा. रंगपेटी. लहान मुलीचा फ्रॉक, ठिपक्यांचा. त्याचं घर आता भरत चाललंय म्हणे, फार बरं वाटतंय. मी सांगितलं, आपलं काम संपलं, आणि लॅपटॉप बंद केला. कपाटात फ्रॉक नाही. मला भीती वाटतेय, खूप. उद्या भिंगरी शाळेतून आली की लगेच दादाकडे जायचं. सामान गेलं खड्ड्यात.

१३ मार्च, शुक्रवार
त्याचा फोन आला. नंबर कुठून — रडत होता. खरंच रडत होता, श्वास पुरत नव्हता. ठेवणारच होते. पण ही मेली जीभ — इतक्या वर्षांची सवय — समोर काय दिसतंय ते सांगा, असं म्हणून बसले.
तो म्हणाला, दार. दारात एक मुलगी, बूट काढतेय.
मी वळले. भिंगरी आली होती. एका पायावर उभी, माझ्याकडे बघून हसली —
आता तिथे भिंत आहे. दार नाही. भिंगरी —

शुक्रवारच
फोन चालू आहे. त्याच्या मागून तिचा आवाज येतो. आई कुठे, विचारतेय. तो म्हणतो, ताई, आता अगदी शांत वाटतंय, आता काही बघायची गरज नाही.
शांत नको. घाबरला तरच पुन्हा बघेल, मलाही बघेल.
त्यानं विश्वासानं सांगितलेली एकेक भीती त्याच्या कानात ओततेय. तुम्ही नाहीसे होणार. कुणी आठवणसुद्धा काढणार नाही. देवा, मला माफ कर —
श्वास चढला त्याचा. ताई, असं का बोलता, म्हणतो —
बघा. समोर काय दिसतंय?
खिडकी, म्हणतो. खिडकी गेली.
अजून. नीट बघा. टेबलाशी कोण बसलंय —
एक बाई, म्हणतो. केस सुटलेले. हातात