पट्टी फक्त रेघा मारायला

५ तारीख, सोमवार. संध्याकाळी ७.
आजपासून चिमणीचं इंग्लिश स्पेलिंग माझ्या ताब्यात. पोरगी सहा वर्षांची. कानाला येईल तसं लिहिते, मधली अक्षरं सरळ गिळते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, या वयात मुलं ऐकून लिहितात, वाचू लागली की सुधारतात, घाई नको. मी कारखान्यात माल तपासतो. अर्धा मिलिमीटर चुकला की भंगारात. आपोआप काही सुधारत नसतं.
संकल्प: शुक्रवारपर्यंत वीस शब्द. प्रेमाने. कामावरची पोलादी पट्टी घरी आणली, फक्त रेघा मारायला.

७.४०.
पट्टी आपटली. फक्त टेबलावर. ग्लास फुटला. तो कडेला ठेवला कोणी?

६, मंगळवार.
सात शब्द बरोबर. आठव्याला तोच घोळ, तिसऱ्यांदा. डोक्यात तिडीक गेली. पट्टी तिच्या डाव्या तळहाताला लागली. 'लागली' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. रडली नाही. खंबीर आहे, माझ्यावर गेली आहे.

७, बुधवार.
हात उचलायचा नाही असं ठरवलं. नाही उचलला. वही भिरकावली, खिडकीची काच गेली. पाटी गुडघ्यावर मोडली. शेजारचे काका काय झालं विचारायला आले, त्यांची कॉलर धरली. बायकोने पट्टी हिसकावून माझ्याच बोटांवर सपकन ओढली आणि म्हणाली, आता तुम्ही सांगा स्पेलिंग. हिला शिक्षणातलं काही कळत नाही. बोटं सुजल्यामुळे आज एवढंच.

८, गुरुवार.
हिची आज कामावर संध्याकाळची पाळी, त्यामुळे अडथळा नाही. चौदा बरोबर. सहा चुका, सहा पट्ट्या. नियम म्हणजे नियम. प्रगती स्पष्ट दिसते आहे.

९, शुक्रवार. दुपारी १.
शाळेत बाईंसमोर वीसच्या वीस लिहून दाखवायचे होते. हाफ डे टाकला, इस्त्रीचा शर्ट घातला. माझी पद्धत बाईंना समजावून सांगायची तयारीही केली होती.
बाईंनी पहिला शब्द सांगितला. चिमणीने पेन्सिल उचललीच नाही. डोळे घट्ट मिटले आणि डावा हात पुढे केला.
तळवा निळा पडला होता. बाईंनी आधी तो पाहिला, मग मला. मी म्हणालो, घरी पडली. चिमणी लगेच म्हणाली, हो बाई, मी पडले.
मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी आजवर कधी खोटं बोलली नव्हती. हे मात्र तिला एकदाच ऐकून बिनचूक आलं.