बेचाळीसच्या कोर्टाचा निकाल

२ ऑगस्ट
नाटक माझ्याच गळ्यात पडलं! पंधरा ऑगस्टला, शाळेपुढे. विषय सासऱ्यांनीच ठरवला, म्हणजे बापूंनी. बेचाळीस साली आपल्या गावाने इंग्रजांना झुगारून अकरा दिवस स्वतःचं सरकार चालवलं. पोलीस गावाचे, कोर्ट गावाचं! त्या कोर्टाचे न्यायाधीश बापूंचे आजोबा, रतनजी. ती भूमिका अर्थात बापूच करणार. 'मन्हा आजानी खुर्ची शे ती!'

५ ऑगस्ट
भावेशला इंग्रज साहेब केलंय. घरात नवऱ्याचा रुबाब चालत नाही, तेवढा सगळा तालमीत! पावडर थापून 'टुम लोग' म्हणाला आणि बाया हसून लोळल्या. तालीम तिथेच संपली.

८ ऑगस्ट
नदीकाठच्या वस्तीतली कौसाबाई रोज तालीम बघायला येते. त्र्याण्णव वर्षांची. आज तिने मध्येच काठी आपटली. 'हाई खोटं शे! त्या दिनले जज मन्ही माय व्हती. गुलाबबाई!'
नशीब, बापू केळीच्या बागेत होते.
मग तिने सांगितलं. रतनजींच्या शेतातून वस्तीची वाट जायची. त्यांनी काट्या लावून ती बंद केली. वस्तीने तक्रार नेली ती त्यांच्याच कोर्टात! रतनजी खुर्चीवरून उठले. 'मन्हा न्याव मीच कसा करसू?' म्हणाले, आणि गुलाबबाईला बसवलं. तिने निकाल दिला — वाट मोकळी करा. रतनजींनी हात जोडले. 'कबूल.' सकाळी काट्या काढायच्या होत्या. पहाटेच इंग्रजांच्या पोलिसांनी त्यांना धरून नेलं. सरकार संपलं. रतनजी तुरुंगातच वारले.
काट्यांच्या जागी आता आमचं तारेचं कुंपण आहे. वस्तीची पोरं अजून वळसा घालून शाळेत येतात. लग्नाला नऊ वर्षं झाली — मला हे कधी खटकलंच नाही!

९ ऑगस्ट
बापूंना सांगायचं कसं?

१० ऑगस्ट
सांगितलं. एका दमात. बापू ताटावरून उठून गेले. सासूबाई म्हणाल्या, 'राग सकायपावत उतरी जाई.'

११ ऑगस्ट
नाही उतरला.

१२ ऑगस्ट
बापू स्वतः कौसाबाईकडे गेले! दोन तास बसले. परत आले ते डोळे लाल, पण चेहरा असा खुललेला की मी बघतच राहिले. 'मयूरी, मन्हा आजा सोता खुर्चीवरथून उठना! आते कोन उठस?' मग चहा मागितला. मग म्हणाले, नाटक बदल.
गुलाबबाईची भूमिका शेजारच्या बेबीबाईला दिली. तीन दिवसांत पाठ होईल? देव जाणे!

१५ ऑगस्ट
काय झालं आज! बापू खुर्चीवरून उठले. आता बेबीबाई बसणार, तेवढ्यात प्रेक्षकांतून कौसाबाई निघाली — काठी टेकत, सरळ स्टेजवर. बेबीबाई बाजूला झाली. कौसाबाई बसली. पदर सारखा केला. 'रतनजी, वाट मोकयी कर.'
बापूंनी हात जोडले. म्हणाले, 'कबूल.'
टाळ्या थांबेनात! भावेशची साहेबाची नकली मिशी चहात पडली, त्याकडे कुणी बघितलंही नाही.

१६ ऑगस्ट
सकाळी बापू घरात नव्हते. हत्यारांच्या पेटीत पक्कडही नव्हती. शेताकडे धावले. कुंपण कापून तार गुंडाळून ठेवलेली. वस्तीची पोरं दप्तरं घेऊन आमच्या शेतातून शाळेला चालली होती.